पोहणं शून्य

तांडेल बुडाला.

स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत एवढंच उमटलं. उमटलं इंग्रजीत, पण चंदरने ते वाचलं मराठीत, आणि हातातला अर्धा बटाटावडा हातातच राहिला. शेजारी नंदकुमार खो खो हसत सुटला होता. पलीकडून शकु "अगं बाई, मेला हा!" म्हणत बघायला उठून आली. दुपारच्या सुट्टीतला खेळ होता तो, दुसरं काही नाही. अंधेरीला सीप्झमध्ये परदेशी गिऱ्हाइकांसाठी प्रोग्रॅम लिहिणारी त्यांची कंपनी, काचेच्या गारठलेल्या खोलीत एकच मोठं मशीन, आणि त्याला जोडलेली टर्मिनलं बाहेर ओळीनं मांडलेली. साहेब लोक वर जेवायला गेले की ही मंडळी एकेका टर्मिनलला चिकटायची आणि घटकाभर आपण जे नाही ते व्हायची. खेळ लिहिला होता मृणालिनीनं. पार्ल्याची मृणालिनी, वयानं सगळ्यांत मोठी, एका लहान मुलीची आई, आणि नियमाच्या बाबतीत कुणाच्या बापाला न ऐकणारी. प्रत्येकानं आपलं सोंग ठरवायचं, त्याचं चार ओळींत वर्णन लिहायचं, आणि ठरावीक गुण त्याच्या अंगी वाटून टाकायचे: ताकदीला इतके, धिराला इतके, जादू, औषध, चढणं, पोहणं, केवढी तरी लांब यादी. मग टाइप करायचं, मी दार फोडतो, मी राक्षसावर धावून जातो. मशीन आपल्या मनाशी फासे टाकायचं आणि काय झालं ते सांगायचं. जो जे टाइप करेल ते बाकीच्यांच्याही स्क्रीनवर दिसायचं. नंदकुमार जादूगार झाला होता, शकु वैद्यीण, आणि चंदर तांडेल. तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य, जाळं कुठं टाकायचं नि कधी ओढायचं हे ज्याच्या शब्दावर चालतं तो. चंदरचा बाप बळवंत तांडेल होता. बाप गेला आणि बोट थोरल्या भावाकडे, तुळशीदासकडे आली. "सात पिढ्यांचा तांडेल, समुद्र याच्या बापाचा," असं चंदरने मोठ्या ऐटीत लिहिलं होतं आणि निम्मे गुण ताकदीला, निम्मे धिराला देऊन मोकळा झाला होता. पोहण्याला द्यायचे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

"वेसाव्याचा कोळी बुडाला! झकास!" नंदकुमारला दम लागला होता. "उद्या मासे बुडायला लागतील, यार!" शकु मात्र भांडायच्या बेतात आली. "पण मृणालिनी, हे काय गं? तांडेलला पोहता येत नाही असं कसं होईल? तुझ्या मशीनला एवढंही कळत नाही?" मृणालिनी डब्याचं झाकण काढत होती. "मशीन वर्णन वाचत नाही बाई, आकडा वाचतं. पोहणं शून्य. बोट उलटली, शून्य होतं, बुडाला. मेलेला माणूस परत येत नाही, हा नियम पहिल्या दिवशी सगळ्यांनी कबूल केलाय." "बरोबर आहे," नंदकुमार म्हणाला, "नाहीतर मी उद्या लिहीन, माझा जादूगार जन्मापासून उडतो. उडू देशील?" "उडणं निराळं रे! कोळ्याला पोहता येणं म्हणजे... हे बघ, चालण्याचे गुण कोणी घेतले? मग आपण सगळे चालतोय कसे?" मृणालिनीचा घास हातात थांबला. तिला मुद्दा पटत चालला की ती अशी थांबायची. "तूच सांग ना रे चंदर, पोहण्याला का नाही दिलेस?" आणि तिघंही त्याच्याकडे बघायला लागली. चंदर म्हणाला, "आमच्यात कोण मोजतं पोहणं?" सगळे हसले. उत्तर खरंही होतं. कोळीवाड्यात माणसाबद्दल सांगतात की दारू पितो, की हाताचा उदार आहे, की नाचतो बरा. पोहतो असं कोणी कधी सांगत नाही. पोरगं रांगतं, मग चालतं, मग पाण्यात पडतं, आणि त्यानंतर तो विषय संपतो. म्हणूनच चंदरलाही आजवर कधी कोणी विचारलं नव्हतं. सत्तावीस वर्षांत एकानं नाही. आणि आज हे काचेआडचं थंडगार डबडं, ज्याला वेसावे कुठं आहे हे ठाऊक नाही, त्यानं न विचारताच सांगून टाकलं होतं.

कारण चंदरला पोहता येत नव्हतं.

बसमध्ये खिडकीपाशी उभा राहून तो घरी निघाला. हिरवा रंग डोळ्यांसमोरून हलेना. तो रंग जुना होता. पाण्याच्या आतून वर बघितलं की असा दिसतो. सगळ्या पोरांना जसं टाकतात तसं बापानं त्यालाही टाकलं होतं, कमरेला दोर बांधून, खाडीत, बोटीवरून. पोर बोंब मारतं, नाकातोंडात पाणी जातं, हात मारतं, पाय मारतं, आणि मारता मारता तरंगतं. बोटीवरचे हसतात, पोरही रडता रडता हसायला लागतं, संपलं. चंदरने हात मारले नव्हते. का नाही मारले, हे त्याला आजही सांगता आलं नसतं. भीतीनं गोठला म्हणावं तर भीती आठवतच नव्हती. तो खाली जात होता आणि बघत होता. हिरवं, मग जास्त हिरवं, आणि त्यात स्वतःचे हात, दोन्ही बाजूंना सुटलेले, दुसऱ्या कुणाचे तरी असावेत तसे. दोर ताणला गेला आणि गाठ सुटली. बापानं उडी मारली. वर काढल्यावर बापाचा चेहरा त्यानं पाहिला, आणि तो चेहरा पाण्यापेक्षा वाईट होता. रागानं लाल झाला असता तर बरं झालं असतं. बळवंत तांडेल लाजला होता. बोटीवर एक रत्नागिरीकडचा खलाशी होता, त्याच्याकडे चोरून बघत बाप म्हणाला, "ताप हाय पोराला," आणि घरी सोनूबाईला, चंदरच्या आईला, तेच सांगितलं. ताप आलेला पोर पाण्यात टाकला म्हणून आईनं बापाला दिवसभर फैलावर घेतलं. तुळशीदास तेव्हा मामाकडे होता. त्यानंतर बाप एवढंच म्हणाला, "याला शाळंत घाल. हुशार हाय." तेव्हापासून चंदर हुशार झाला. अंधेरीला मामाकडे राहून शिकला, पहिला आला, परीक्षेमुळे होळीला घरी नाही, अभ्यासामुळे बोटीवर नाही, आणि त्याची हुशारी जसजशी वाढत गेली तसतसं ते हिरवं खाली खाली दडपलं गेलं. बाप शेवटपर्यंत त्याच्याशी मऊ बोलला. तुळशीदासला तो शिव्या घालायचा, कानफटात द्यायचा, चंदरला कधी नाही. या मऊपणाचा चंदरला जीव जाईस्तोवर राग यायचा, आणि बाप गेल्यावर रडता रडताही तो राग गेला नव्हता.

आता ही सगळी मढी उकरून काढायचं एरवी काही कारण नव्हतं. पण रविवार तोंडावर आला होता. महिन्यापूर्वी चंदरनंच तोंड वर करून सगळ्यांना बोलावलं होतं, "वेसाव्याला या, आमच्या होडीतून खाडीपलीकडे मढला नेतो, दिवसभर मजा करू." होडी हाकणार होता तुळशीदास, त्यामुळे तोंड वर करायला काही जात नव्हतं. शकु तेव्हा म्हणाली होती, "आमच्यातल्या कुणालाच पोहता येत नाही हं, सांगून ठेवते." आणि चंदरच्या तोंडून निघून गेलं होतं, "घाबरता काय? मी आहे ना." मी आहे ना! किती सहज म्हणाला होता. तो बसमधून उतरला, मासळीच्या वासातून, बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या वलांड्यांमधून घराशी आला, तर ओटीवर तुळशीदास बसलेला, उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. जाळं ओढताना दोराच्या पेचात मनगट सापडलं होतं. "वाट लागली," तुळशीदास हसत म्हणाला. तो कशावरही हसायचा. "आता तुज्या पावण्यांना तूच नेशील. खाडी तं पार कराची हाय. यंत्र तुना म्हाईत, सुकाणू म्हाईत. तुना काय शिकवाचं?" "दुसरं कोणी..." "रविवारी सगली दर्यावर. आन् आपल्या बोटीवर दुसरा कशाला? तू बलवंताचा नाय काय?" दारात त्याची बायको कमळ कोलंबी सोलत बसली होती. बाजारात भल्याभल्यांना गप्प करणारी बाई. तिनं एकदा मान वर करून दिराकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. तिला काही कळलं की नुसतीच माशी हाकलली, हे चंदरला ठरवता आलं नाही. जेवताना त्यानं तीनतीनदा तोंड उघडलं. दर खेपेस समोर तुळशीदास डाव्या हातानं, पोरासारखा सांडत, भात कालवत होता आणि मध्येच म्हणत होता, "बरा झाला, तू हायस." असं म्हणणाऱ्या माणसाला काय सांगायचं? ताप आला म्हणावं? ताप! या घरात तो शब्द एकदा वापरून झाला होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं ऑफिसात सांगितलं. सरळ, अगदी शुद्ध मराठीत. चहाचे कप हातात होते, आणि मृणालिनी विचारत होती की रविवारी छोट्या रेवाला आणलं तर चालेल ना. "मृणालिनी, ऐक. मला पोहता येत नाही." चंदरला, काय सांगावं, इतकं हलकं वाटलं की ओरडावंसं वाटलं. मग नंदकुमार फुटला. "काय टायमिंग आहे साल्याचं!" शकु टेबलावर हात आपटून हसत होती. "कसला चेहरा केलास रे! क्षणभर खरंच वाटलं मला." "खरंच सांगतोय, शकु." "हो हो, आणि मला भात लावता येत नाही." मृणालिनीही हसली, पण तिचं हसणं मऊ होतं, समजूतदार. "तुला लागलंय ते. तांडेल मेला ते. कळतंय मला. शकुचं बरोबर आहे, मी रात्रभर विचार केला त्याच्यावर." आणि ती जी सुरू झाली ती थांबेना. नियमात खोट होती, ती म्हणाली. आकडा आणि माणूस यांचा मेळ बसायला हवा. जे शिकून येतं त्याला गुण मोजावे लागतील, म्हणून शकुला औषधाचे द्यावे लागले आणि नंदकुमारला उडायचे द्यावेच लागतील. पण जे जन्मानं येतं, जे त्या माणसाच्या रक्तातच आहे, ते मशीननं आपणहून धरून चाललं पाहिजे. तांडेल म्हटलं की पोहणं आलंच. तसं लिहीन आता. "म्हणजे माझा पराभव," नंदकुमार म्हणाला, "पण मान्य." चंदर म्हणाला, "नको बदलूस. बुडाला तर बुडाला." "मोठेपणा पुरे," शकुनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. रक्तात. चंदर आपल्या मनगटाकडे बघत राहिला. निळी शीर उडत होती. आपण बोललो की नाही याचीच त्याला शंका यायला लागली. सत्य एवढं मोठ्यानं सांगूनही जर कोणाच्या कानात शिरत नसेल तर ते सांगितलं असं म्हणायचं कशावरून? आणि त्याहून वाईट म्हणजे, ते हसले तेव्हा त्याला आतून सुटल्यासारखंही वाटलं होतं. स्वतःची त्याला किळस आली.

शनिवारी अर्धा दिवस होता. निघायच्या आधी मृणालिनीनं सगळ्यांना टर्मिनलवर बसवलं. बोट पुन्हा उलटली, काळं पाणी पुन्हा आलं, आणि मशीननं लिहिलं की तांडेल पोहत पोहत किनाऱ्याला लागला, आणि वैद्यिणीला पाठीवर घेऊन आला. टाळ्या पडल्या. चंदरनेही वाजवल्या. स्क्रीनवर ती हिरवी ओळ जरा वेळ राहिली आणि वर सरकून नाहीशी झाली. तो जो कोणी वाचला होता त्याचा चंदरला भयंकर हेवा वाटला.

रविवारी भरती होती, नेमकी. धक्क्याला पाणी पायऱ्यांच्या वर चढून आलं होतं, आणि एरवी चिखलात कलंडलेल्या होड्या ताठ उभ्या होत्या. सगळे वेळेवर आले, हेही नशीबच. नंदकुमार रंगीत टोपी घालून, शकु डब्यांची पिशवी घेऊन, मृणालिनी रेवाचं बोट धरून. तुळशीदास गळ्यात हात अडकवून धक्क्यावर उभा राहून एकेकाला होडीत चढवत होता, "हलू, हलू, पाय मधी ठेवा," आणि भाऊ ऑफिसात ज्यांच्याबरोबर काम करतो त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या तोंडाकडे कौतुकानं बघत होता. कमळ टोपली घेऊन बाजाराला निघाली होती, ती बघायला थांबली. चंदर होडीच्या मागच्या टोकाला, सुकाणूपाशी. त्यानं पुन्हा एकदा सांगून बघितलं. "नंदू, मी परवा बोललो ते..." "ए, पुन्हा नको हां तो जोक. शकु खरंच घाबरेल." आणि शकु किंचाळली, "घाबरले! घाबरले!" आणि होडी हसण्यानं हलली. हलली तेव्हा कडेचं पाणी वर आलं, खाली गेलं. खाली हिरवं होतं. यंत्र चालू करायचं, दोर सोडायचा, एवढंच बाकी. पलीकडे मढ इतकं जवळ दिसत होतं की काहीही व्हायचं कारण नव्हतं. काही होणार नाही, तो स्वतःला सांगत होता. बहुतेक वेळा काहीच होत नाही. आयुष्यभर असंच तर चाललंय. तेवढ्यात मृणालिनी होडीतून तोल सावरत त्याच्यापर्यंत आली आणि रेवाला उचलून तिनं त्याच्या मांडीवर ठेवलं. "हिला तूच धर बाबा. तुझ्याजवळ असली की मला घोर नाही." पोरीनं लगेच त्याच्या शर्टाचं बटण मुठीत धरलं. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. बापानं आपल्याला टाकण्याआधी असंच मांडीवर घेतलं होतं, हे चंदरला आत्ता, या क्षणी आठवलं.

तो उठला. पोरीची मूठ सोडवून त्यानं तिला मृणालिनीकडे परत दिलं, नीट, दोन्ही हातांनी. "काय झालं रे?" मृणालिनी म्हणाली. "मी सांगितलं होतं तुम्हाला," चंदर म्हणाला. त्यानं धक्क्याला बांधलेला दोर एका हातात धरला, होडीच्या कडेवर पाय ठेवला, आणि नंदकुमार "अरे शर्ट तरी काढ, हिरो!" म्हणतोय तोवर पाण्यात उतरला. उडी नव्हती ती. जिन्याची पायरी उतरावी तसा तो उतरला, आणि पायरी नव्हतीच. दोर घट्ट धरून ठेवायचा असं त्यानं ठरवलं होतं, तेवढी अक्कल शाबूत होती. पण गार पाणी छातीला लागलं आणि मूठ आपोआप उघडली. मग तेच. हिरवं, जास्त हिरवं, वर होडीचा काळा तळ, आणि वरून दबून येणारं हसणं. अजून हसतायत, त्याला वाटलं. या वेळी त्यानं हात मारले. जीव खाऊन मारले, पाय झाडले, आणि काही उपयोग झाला नाही. पाणी नाकातून डोक्यात शिरलं, छाती फाटायला आली, आणि भीती, जी तेव्हा आली नव्हती, ती सगळीच्या सगळी आत्ता आली. मला मरायचं नाहीये, तो पाण्यात ओरडला, पण नुसते बुडबुडेच निघाले. वरचं हसणं थांबलं होतं.

केस धरून त्याला कोणीतरी ओढलं. धक्क्याच्या पायरीवर पालथा पडून तो ओकत होता, आणि कमळ, कासोट्यासकट निथळती, त्याच्या पाठीत बुक्क्या घालत होती. "मेल्या! मेल्या! तोंड नाय तुला सांगाया?" ती रडत होती. तिची टोपली धक्क्यावर उलटी पडली होती आणि मासळी सगळीकडे. होडीत शकुनं पदर तोंडाशी धरला होता. नंदकुमार टोपी हातात घेऊन उभा होता. तुळशीदास पायऱ्या उतरून आला, प्लास्टरचा हात सावरत पाण्यातच टेकला, आणि पहिल्यांदाच चंदरने त्याला न हसताना पाहिलं. "बाबाला म्हाईत होता?" चंदरने मान डोलावली. तुळशीदास खांद्यावरचा टॉवेल काढून एका हातानं, वेडंवाकडं, त्याचं डोकं पुसायला लागला आणि होडीकडे न बघता म्हणाला, "उतरा सगली. बोट नाय जात आज." ते उतरले, एकमेकांचे हात धरून, खाली पाण्याकडे बघत. मृणालिनी सगळ्यात शेवटी उतरली. तिनं रेवाला इतकं घट्ट धरलं होतं की पोर चुळबुळ करत होती, आणि त्या मिठीतूनच पोरीनं पायरीवर पडलेल्या माणसाकडे वाकून पाहिलं.

"काका, तुम्हाला पोहता येत नाही?"

"नाही," चंदर म्हणाला. या खेपेला कोणी हसलं नाही.